पोर बोलत नाही, की आपल्याला ऐकायचे नाही?

२०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात भाषेवरून रान पेटले. पहिलीपासून हिंदी आणणारा शासन निर्णय १६ एप्रिलला निघाला, १७ जूनला त्याची सुधारित आवृत्ती आली आणि लोकांच्या रेट्यापुढे २९ जूनला सरकारला दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. त्या अडीच महिन्यांत प्रत्येक वाहिनीवर आणि प्रत्येक व्यासपीठावर एकच गोष्ट सांगितली जात होती. लहान मूल घरच्या भाषेतच फुलते, त्याच्यावर परकी भाषा लादणे हा अन्याय आहे. आम्हीही हेच बोललो, निवेदनांवर सह्या केल्या. ते म्हणणे खरेच आहे.

मग त्याच पावसाळ्यात आम्ही तलासरी तालुक्यातल्या उधव्याला गेलो.

काम वनहक्काच्या दाव्यांचे होते. एका पाड्यावर ओटीवर बसून कागद चाळत होतो. घरातला अडीच वर्षांचा मुलगा दाराआडून पाहत होता. आमच्यातल्या एकाने त्याला जवळ बोलावले आणि मास्तरांच्या मराठीत विचारले, "तुझे नाव काय, बाळा?" मुलगा गप्प. "हे काय आहे, सांग बघू?" मुलगा आजीच्या लुगड्यामागे. आम्ही आजीला सहज म्हणालो, "अजून बोलत नाही का हा?" आजी हसली. म्हणाली, "तुमच्याशी नाय बोलत, दादा. आमच्याशी तर तोंड मिटत नाय त्याचं."

दहा मिनिटांनी तोच मुलगा अंगणात बहिणीशी भांडत होता, कोंबडीला दटावत होता, आजीकडे खाऊ मागत होता. सगळे वारलीत, आणि न थांबता.

मातृभाषेच्या घोषणा देऊन आलेल्या आम्ही दोन प्रश्नांत एका आदिवासी लेकराला मुके ठरवून टाकले होते. हा लेख त्या लाजेतून लिहिला आहे.

मराठी मातृभाषा कुणाची?

तलासरी तालुक्याच्या एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला दादरा नगर हवेली. २०११ च्या जनगणनेनुसार इथे दर दहा माणसांत नऊ आदिवासी. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, कातकरी. इथल्या पोराच्या कानावर जन्मापासून घरची बोली पडते, बाजारात मराठी आणि गुजराती पडते, मोबाईलमधून हिंदी पडते. मराठी ही त्याची शेजारची भाषा आहे. जे मराठी माणूस हिंदीबद्दल म्हणतो, तेच वारली माणसाने प्रमाण मराठीबद्दल म्हटले, तर आपण ऐकून घेऊ का?

संविधानात कलम ३५०-क आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले हे कलम भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी राज्यावर टाकते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्येही शक्य तितके मातृभाषेतूनच शिकवावे असे लिहिले आहे. आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत वारली नाही. पण या दोन्ही कलमांत आठव्या अनुसूचीची अट कुठे आहे? 'ही तर बोली आहे, भाषा नाही' असे म्हणून वारली पोराचा हक्क बाजूला सारणारा माणूस आणि 'हे तर शूद्र आहेत, यांना विद्या कशाला' म्हणणारा माणूस, दोघे एकाच पाठशाळेत शिकलेले आहेत.

आंबेडकरी कार्यकर्त्याला हे समजायला वेळ लागू नये. बोलण्यावर आणि ऐकण्यावर पहारा बसवणे ही या देशातल्या जातिव्यवस्थेची जुनी सवय आहे. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तापलेला रस ओतण्याची आज्ञा धर्मसूत्रांत आहे. द्विजाला कठोर बोलणाऱ्याची जीभ छाटण्याची आज्ञा मनुस्मृतीत आहे, आणि ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जळाली. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, म्हणून त्यांना पर्शियन घ्यावी लागली. ३१ जानेवारी १९२० ला त्यांनी पहिले पाक्षिक काढले, त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले. ज्यांना मुके करून ठेवले आहे त्यांचा नायक. आपला समाज जन्माने मुका नव्हता, त्याचे बोलणे कुणी मोजत नव्हते.

आणि आपल्या घरातही डोकवा. आपल्या आज्यांच्या बोलीला 'अशुद्ध' म्हणून हसणारे मास्तर आपण पाहिलेत. आता आपल्यातलीच शिकलेली मंडळी आपल्या दोन वर्षांच्या पोराला आजीजवळ बसू देत नाहीत, 'भाषा बिघडेल' म्हणतात. ज्या फूटपट्टीने आपल्याला मोजले, तीच घेऊन आपण पाड्यावर गेलो. उधव्याला आमच्या हातात तीच फूटपट्टी होती.

'अडाणी आई' नावाची सोयीची थापेबाजी

दोन-तीन वर्षांच्या आदिवासी मुलांचा विषय निघाला की शहरी तज्ज्ञ एक निदान तयार ठेवतात. आई शिकलेली नाही, घरात पुस्तके नाहीत, पालक मुलांशी बोलतच नाहीत, म्हणून मूल मागे पडते.

हे निदान परदेशातून आले. १९९५ साली हार्ट आणि रिस्ली या अमेरिकी संशोधकांनी ४२ कुटुंबांचा अभ्यास पुस्तकरूपाने मांडला. त्यातून गरीब घरातले मूल चार वर्षांचे होईपर्यंत श्रीमंत घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकते, असा हिशेब जगभर गाजला. गरीब कुटुंबे त्यात मोजकीच होती. पुढे २०१९ साली स्पेरी, स्पेरी आणि मिलर यांनी वेगवेगळ्या पाच वस्त्यांमधली मुले पाहिली. घरातल्या इतर माणसांनी मुलाशी केलेले बोलणे आणि मुलाच्या आसपास चाललेले बोलणे मोजल्यावर ते दरीचे गणित टिकले नाही. फक्त आईने मुलाशी समोरासमोर केलेले बोलणे मोजले, तर एकत्र राहणारी, अंगणात वाढणारी घरे गरीब दिसणारच.

उधव्याच्या त्या अंगणात आजी होती, आत्या होती, सात वर्षांची बहीण होती, शेजारची चार पोरे होती. वारली समाजात लग्न लावणारी धवलेरी तासन्‌तास गाते, कापणीनंतर भगत घांगळीवर कणसरीची कथा लावतो आणि पोरे मांडीवर झोपत ऐकतात. त्या कथांतल्या श्रद्धेशी आमचे मतभेद असतील. पण इतका मोठा मौखिक साठा तोंडपाठ ठेवणाऱ्या समाजाला 'भाषेने गरीब' म्हणणे हा अडाणीपणा आहे, आणि तो म्हणणाऱ्याचा आहे.

एकाहून जास्त भाषा कानावर पडल्यामुळे मूल उशिरा बोलते, हाही गैरसमज आहे. दोन-तीन भाषांत वाढणारे मूल शब्द मिसळते आणि पुढे ज्याच्या त्याच्याशी त्याच्या त्याच्या भाषेत बोलू लागते. त्याला हवे असते ते त्याच्या बोलण्याला उत्तर देणारे माणूस. ते काहीतरी पुटपुटते, बोट दाखवते, आणि कुणीतरी म्हणते, "हां, बैल! बैल चालला." मग ते पुन्हा काहीतरी म्हणते. या देवाणघेवाणीतून भाषा वाढते. मोबाईल बोलतो, पण मुलाला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला जास्तीत जास्त एक तास, असे सांगितले.

उत्तर द्यायला आई हवी. ती कुठे आहे?

उत्तर देणारे माणूस कुणी हिरावले?

दिवाळी झाली की डहाणू-तलासरीचे पाडे रिकामे होऊ लागतात. वसई, भिवंडीच्या वीटभट्ट्या, बांधकामे, रेती, उंबरगाव-वापीचे कारखाने. मुकादम पावसाळ्यातच बयाणा देऊन जातो. भट्टीवर नवरा-बायको जोडीने राबतात, वहीत नाव बहुतेकदा एकट्या नवऱ्याचे असते. आई पहाटेपासून चिखलात. दीड वर्षाचे पोर झोपडीत सहा वर्षांच्या बहिणीकडे. गावातली आजी मागे राहिली, अंगण मागे राहिले, अंगणवाडीही मागे राहिली. ज्या वयात तोंडात शब्द फुटायचे, त्या वयातले सहा-सहा महिने त्या मुलाच्या आयुष्यातून कापले जातात.

म्हणजे पोराशी बोलायला आईला वेळ नाही, हे काही ठिकाणी खरे आहे. पण तो वेळ कुणी घेतला? तिच्या अज्ञानाने की मालकाच्या विटेने?

बाबासाहेबांनी हा प्रश्न १९२८ साली मुंबई कायदेमंडळात मांडला होता. गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी सांगितले की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा काही भार सरकारने उचलला पाहिजे. आईचा वेळ हा सार्वजनिक प्रश्न आहे, हे त्यांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी सांगितले. १९४८ च्या कारखाने कायद्याने ठरावीक संख्येपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले होते. म्हणून तर वहीत बाईचे नाव येत नाही. नाव नाही, म्हणजे मजूर नाही. मजूर नाही, म्हणजे पाळणाघर नाही.

आमची दुसरी चूक

आता जे सांगायचे ते आपल्याच लोकांना टोचेल.

त्या मुलाच्या प्रसंगानंतर आम्ही जिथे जाऊ तिथे सांगू लागलो, आदिवासी पोरे मुकी नसतात, तुम्हाला त्यांची भाषा येत नाही. टाळ्या मिळाल्या. महिनाभराने त्याच पाड्यावरच्या दुसऱ्या घरात तीन वर्षांची एक मुलगी दिसली. तीही बोलत नव्हती. आम्ही ठरलेले वाक्य म्हणालो, "घरी बोलत असेल." तिची आई म्हणाली, "नाय बोलत, भाऊ. घरी पण नाय." घरच्यांचे म्हणणे होते, उशिरा बोलेल, तिचा बापही उशिरा बोलला होता. मुलीचा कान वाहत होता, कापसाने पुसून त्यात तेल सोडले जात होते. मागून ताट वाजवले तरी ती वळली नाही.

ही मुलगी वारली असल्यामुळे गप्प नव्हती. तिला नीट ऐकू येत नव्हते. संस्कृतीच्या अभिमानाच्या भरात आम्ही तिला तसेच सोडून निघणार होतो. एकदा आम्ही बोलणाऱ्या पोराला मुके ठरवले, दुसऱ्यांदा न ऐकणाऱ्या पोरीला ठणठणीत ठरवले. दोन्ही वेळा आम्ही आमचेच वाक्य ऐकत होतो.

कान तपासून घ्यायला तालुक्याला, तिथून जिल्ह्याला खेटे झाले. एक दिवस यंत्र बंद, एक दिवस डॉक्टर नाहीत. प्रत्येक खेपेला आईबापाची दिवसाची मजुरी बुडाली. पूर्ण तपासणीची तारीख मिळाली तेव्हा दिवाळी आली होती आणि घरात मुकादमाचा बयाणा आला होता. ते कुटुंब भट्टीवर गेले. मुलगीही गेली.

म्हणून हे प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे. वर्षाच्या आतले बाळ आवाजाकडे आणि नावाकडे वळते, बा-बा, दा-दा करते, बोट दाखवते. सव्वा-दीड वर्षात काही शब्द येतात. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडते, तिसऱ्या वर्षी छोटी वाक्ये बोलते. भाषा कोणतीही चालेल. वर्षाचे बाळ आवाजाला वळत नसेल किंवा इशारेही करत नसेल, सोळा महिन्यांत एकही शब्द नसेल, दोन वर्षांत दोन शब्दांची जोडी नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर 'बोलेल उशिरा' म्हणून थांबायचे नाही. सर्वात आधी कान तपासायचे. वाहत्या कानात तेल घालायचे नाही.

यासाठी योजना नाही असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशातला शुभारंभ ६ फेब्रुवारी २०१३ ला झाला. कुठे? पालघरला. शून्य ते अठरा वयाच्या मुलांच्या तपासणीच्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहे, श्रवणदोष आहे, भाषेतला विलंबही आहे. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचे आहे. देशाला दाखवायला ज्या जिल्ह्याची पोरे मंचावर बसवली, त्याच जिल्ह्यातल्या पोरीचा कान तीन वर्षे वाहतो, याचा जाब विचारायचा की नाही? अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वांद्र्याला आहे, उधव्यापासून शंभरावर किलोमीटर. ज्या बापाची रोजंदारी बुडते त्याच्यासाठी हे अंतर किती, हे त्यालाच विचारा. आणि ज्या मुलाला ऐकू येणारच नाही, त्याचाही भाषेवर हक्क आहे. सांकेतिक भाषा ही भाषाच आहे, आणि तीही लवकर मिळावी लागते.

अंगणवाडीची जन्मभूमी आणि तीन वर्षांखालचे पोर

अंगणवाडीची कल्पना याच पट्ट्यात रुजली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, १९५७ साली ते डहाणू तालुक्यात कोसबाडला नेले. पोरे शाळेत येत नाहीत हे पाहून शाळा पाड्याच्या अंगणात नेली, गुरांमागच्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. या कामाचे मोल आम्ही नाकारत नाही. पण सेवा करणाऱ्यांचे गुणगान पुरे झाले. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, त्यालाही अर्धशतक होऊन गेले. आता हिशेब हक्काचा मागायचा आहे.

हिशेब असा. तीन ते सहा वर्षांचे मूल अंगणवाडीत बसते. तीन वर्षांखालच्या मुलासाठी घरी शिधा जातो. म्हणजे ज्या वयात भाषा जन्मते त्या वयाच्या पोराच्या वाट्याला पाकीट येते, माणूस येत नाही. २०२४ साली केंद्राने शून्य ते तीन वयासाठी 'नवचेतना' नावाचा आराखडा काढला. त्यात सेविकेने घरी जाऊन आईला मुलाशी खेळायला, बोलायला मदत करायची आहे. ती सेविका कोण? जिला सरकार कर्मचारी मानत नाही, 'मानधन' देते. जिच्या हातात वजन-उंची भरायला मोबाईल दिला. जिला ४ डिसेंबर २०२३ पासून ५२ दिवस संपावर बसावे लागले. ग्रॅच्युइटीचा तिचा हक्क मान्य व्हायला एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. बहुतेक सेविका पाड्यातल्याच, पोरांची बोली त्यांना येते. पण हातात प्रमाण मराठीची पुस्तिका, आणि साहेब भेटीला आले की पोराने मराठीत गाणे म्हणायचे.

जोतिरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितले होते की शिक्षक शक्यतो कष्टकरी शेतकरी वर्गातलेच असावेत, कारण ते लोकांत मिसळतील आणि लोकांच्या गरजा त्यांना कळतील. आमच्या वारली सेविकेला हीच पात्रता आहे. तिची बोली तिची उणीव मानू नका.

मागण्या आणि आपले काम

आमच्या मागण्या चार आहेत. एक, बायका मोजत न बसता प्रत्येक वीटभट्टीवर आणि बांधकामावर पाळणाघर, आणि वहीत बाईचे स्वतंत्र नाव. दोन, तीन वर्षांखालच्या मुलांसाठी पाड्यात पाळणाघर. केंद्राची 'पाळणा' योजना त्यासाठीच आहे. डहाणू-तलासरी अनुसूचित क्षेत्र आहे, पेसाचा पाच टक्के अबंध निधी ग्रामपंचायतीला येतो, ग्रामसभेने त्यातला वाटा यासाठी ठरावाने मागावा. तीन, बाल स्वास्थ्य पथकाची तारीख ग्रामसभेत आधी जाहीर व्हावी, आणि ती दिवाळीआधीची असावी, म्हणजे स्थलांतराआधी प्रत्येक पोराचे कान तपासले जातील. चार, अंगणवाडीतले खेळ, गाणी, गोष्टी घरच्या बोलीत. मराठी पुढे येईलच, ती या पायावर उभी राहील.

आणि आपले काम? पाड्यावर गेलात तर पोराची परीक्षा घेऊ नका. आजीला विचारा, हे घरी किती बोलते, हाक मारली की वळते का. उत्तर 'नाही' आले तर त्या घरासोबत दवाखान्यात जा, मजुरी बुडते ती वर्गणीतून भरा. आईला 'मराठी बोल, इंग्रजी बोल' असले सल्ले देऊ नका. तिला सांगा, तुझ्या भाषेत बोल, काम करता करता बोल, पोर काही म्हणाले की उत्तर दे. आपल्या वस्तीतही तेच करा. आजीच्या मांडीवरून पोर उचलून मोबाईलसमोर बसवू नका.

'शिका' हा बाबासाहेबांचा पहिला आदेश. शिकणे पहिलीच्या वर्गात सुरू होत नाही. ते अंगणात, वर्षा-दीड वर्षाच्या तोंडातल्या पहिल्या शब्दापासून सुरू होते. तो शब्द वारलीत असेल, कातकरीत असेल, आपल्या आजीच्या बोलीत असेल.

ती मुलगी मे महिन्यात भट्टीवरून परतली. आता ती चौथ्या वर्षात आहे. पावसाळा सुरू व्हायच्या आत तिची तपासणी करून घ्यायची आहे. त्यासाठी दोन कार्यकर्ते आणि एक गाडी हवी आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी कळवावे. घोषणा नंतर देऊ.

जय भीम! जय जोहार!